हवेत तळलेले वडे आणि कागदी द्रोण

भिंगार,
१७ फेब्रुवारी २०२५

ति. अण्णांना दीपाचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुम्ही कोपरगावला नीट पोचलात असं धरून चालते. फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात, पण फोनवर तुम्ही सगळ्यालाच हो म्हणता. साखर कारखान्याच्या यंत्रांनी तुमचे कान नेले, त्याला तुमचा इलाज नाही. म्हणून आता मी पत्रच लिहिणार आहे. कागदावरचं ऐकू आलं नाही असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

इथले डॉक्टर बोलत होते तेव्हा तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतात, म्हणून त्यांचं म्हणणं पुन्हा लिहिते. तुमची तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊच्या वर आहे. मे महिन्यात पुन्हा तपासायची. तेव्हा साडेसातच्या आत आली तर गोळ्यांवर भागेल, नाही तर रोज इन्सुलिन. तुमच्या डाव्या डोळ्याला धूसर दिसतं, सिरिंजवरच्या रेघा तुम्हाला दिसायच्या नाहीत, आणि सुई पाहिली की तुम्ही भिंतीला टेकता. तेव्हा इन्सुलिन लागलं तर तुम्ही तिथं एकटे राहायचं नाही, इकडे क्वार्टरमध्ये यायचं. हे आपलं ठरलं आहे. तुम्ही तेव्हाही हो म्हणाला होतात.

कानिफनाथ टेम्पोवाल्याबरोबर एक खोकं येईल. त्यात एअर फ्रायर आहे. तेल न घालता गरम हवेवर तळतो. आमच्या शाळेच्या ऑफिसात रजनीबाई म्हणून आहेत, त्यांनी त्याच्यावर चौदा किलो वजन कमी केलं. त्यांच्या पाककृती जास्त प्रोटीन आणि कमी पिठाच्या आहेत, पण त्या ओव्हनच्या भट्टीसाठी लिहिलेल्या आणि परदेशी सामानाच्या. मी आपल्या घराला बेतून उतरवल्या आहेत. बदामाच्या पिठाऐवजी शेंगदाण्याचं कूट आणि जवस घ्या. टोफूऐवजी सोयाबीनच्या वड्या. चीज म्हटलं असेल तिथं घट्ट बांधलेलं दही. भट्टीची जी उष्णता लिहिली असेल तिच्यात वीस अंश कमी करा आणि वेळ पाऊणपट धरा. भाकरी दिवसाला एक, तीही ज्वारीची. साखर घरात ठेवू नका.

मशीनला मोठं सॉकेट लागतं. ह्यांनी, म्हणजे महेंद्रने, बजावून सांगितलं आहे की एक्स्टेन्शनच्या वायरवर लावलात तर ते स्वतः येऊन वायर कापतील. ते लष्कराच्या छावणीत इलेक्ट्रिशियन आहेत, करतीलसुद्धा.

तब्येतीला जपा आणि आमच्यावर रागावला असलात तरी पत्र पाठवा.

तुमची,
दीपा


कोपरगाव,
१ मार्च २०२५

चि. आयु. दीपा हिस अ. उ. आ.

यंत्र मिळालं. खोक्याच्या आत खोकं, त्याच्या आत थर्माकोल, आणि मग हे. तुझ्या आईला असं काही आणून दिलं असतं तर तिने आधी खोकं जपून ठेवलं असतं. मीही ठेवलं आहे.

घरात मोठं सॉकेट एकच, कूलरचं, ते बाहेरच्या खोलीत दाराशेजारी. तेव्हा यंत्र दाराशेजारी बसलं आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला स्वयंपाक दिसतो. वस्तीत काहींना वाटलं मी चहाची टपरी टाकली.

आता अहवाल. मुगाचे वडे तू लिहिलेस तसे केले. मूग भिजवले, वाटले, अंडी आणि जवस घातलं. पीठ जाळीवर ठेवलं तर अर्धं खाली गळून गेलं आणि खालीच भाजलं. वर जे उरलं त्याला वडा म्हणता येत नाही. नंतर मी इडलीच्या वाट्यांना तेलाचं बोट फिरवून त्यात पीठ घातलं आणि वाट्याच जाळीवर ठेवल्या. हे जमलं. दहा मिनिटांनी उलटायचे, नाही तर वरून तांबडे आणि खालून ओले राहतात. हे तुझ्या कागदात नव्हतं, लिहून ठेव.

सुकटीत प्रोटीन भरपूर असं तू म्हणालीस म्हणून सुकट घातली. यंत्रातला पंखा जोरकस आहे. सुकट हलकी. ती उडाली आणि वरच्या लाल तारेला जाऊन बसली. वास विहाराच्या कमानीपर्यंत गेला. विहाराची किल्ली माझ्याकडे असते, संध्याकाळी उघडायला गेलो तर आधी येऊन बाहेर पायरीवर बसलेल्यांनी माझ्याकडे पाहून सरकून घेतलं. पुढच्या वेळी सुकटीवर चहाची स्टीलची गाळणी पालथी घातली. उडाली नाही. खुसखुशीत झाली. जेवणात एवढं चांगलं मी तुझी आई गेल्यापासून खाल्लं नव्हतं.

शेजारच्या गोजरबाई काय जळालं म्हणून बघायला आल्या. त्यांचं मेथीच्या भाजीचं ताट माझ्याकडे धुऊन ठेवलेलं होतं. भांडं रिकामं परत करायचं नाही ही तुझ्या आईची शिस्त. ती चिमूटभर साखर घालायची. साखर तू बंद केलीस, तेव्हा मी चार वडे घातले. त्यांनी उभ्याउभ्या एक खाल्ला आणि म्हणाल्या की रंभाजीभाऊ, बाईमाणसाला लाजवलंत.

दुखण्याबद्दल वस्तीत मी काही बोललेलो नाही. आयुष्यभर साखर शिजवणाऱ्याला साखर झाली म्हटल्यावर लोक हसतील. हसू देत. पण हसून झाल्यावर कीव करतील, आणि ती मला सोसायची नाही.

महेंद्ररावांना जयभीम. वायर कापायची गरज नाही.

आपल्या मायेत अंतर नसावं.

तुझा,
अण्णा


भिंगार,
९ मार्च २०२५

ति. अण्णांना स. जयभीम वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं आणि गाळणीच्या युक्तीला मान दिला. रजनीबाईंना इडलीच्या वाट्यांचं सांगितलं. त्या सिलिकॉनचे साचे मागवतात, त्यांना ते जरा लागलं.

आता पुढची पायरी. पोळीऐवजी पाव. चार अंडी, वाटीभर शेंगदाण्याचं कूट, दोन चमचे जवसाची पूड, दही, खायचा सोडा चिमूटभर. मूळ कृतीत लांबट साचा आहे. तो तुमच्या मशीनमध्ये मावणार नाही, म्हणून तुमच्या जेवणाच्या डब्याचा खालचा कप्पा घ्या, मापून पाहा. वरून लवकर करपतो, तेव्हा अर्ध्या वेळेनंतर वर स्टीलचं झाकण ठेवा. कागद किंवा फॉइल सैल ठेवू नका, सुकटीसारखंच उडेल. चिकनच्या तुकड्यांना हळद, मीठ, दही लावून रात्रभर ठेवा आणि दाटी न करता एकेरी थरात भाजा. दाटी झाली की ते तळले न जाता उकडतात.

वडे वाटताय ते छान आहे, पण स्वतः खाताय ना? आणि गोजरमावशींच्या घरून काय येतं ते मला कळवत चला.

लोभ आहेच, त्यात काही कमी पडू देऊ नका.

दीपा


कोपरगाव,
५ एप्रिल २०२५

चि. आयु. दीपा हिस अ. उ. आ.

पाव झाला. डबा बरोबर बसला, जणू मोजून केलेला. कापला तर आत जाळी पडलेली होती. गोजरबाईंची सून रुपाली दवाखान्यात नर्स आहे, शिकलेली मुलगी, तिलाही विश्वास बसेना की ह्यात गव्हाचं पीठ नाही. मला जरा अभिमान वाटला, हे खरं आहे.

यंत्राचं नाव झालं आहे. संध्याकाळी विहार बंद करून आलो की दारात दोनतीन बायका उभ्या असतात. कोणी सोयाबीनची वडी कशी कुरकुरीत होते विचारतं, कोणी कोंबडी घेऊन येतं. मी सांगतो, आधी कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळायची, मग दही लावायचं. बोलायला माणसं असली की कान बरे असल्यासारखे वाटतात.

तू विचारलंस काय येतं म्हणून सांगतो. वड्यांच्या बदल्यात गोजरबाईंनी दुसऱ्या दिवशी लापशी पाठवली. ते ताट मी पावाचे तुकडे घालून परत केलं. त्यावर गुळाचे गुलगुले आले. पूर्वी ताटात भाजी असायची, पण आता मी अंडी-शेंगदाण्याचं पाठवतो म्हटल्यावर नुसती भाजी घालायला त्यांना कमीपणा वाटतो. समोरून शेवयांची खीर आली. त्याच्या पलीकडच्या घरातून तिळगुळाचे लाडू, तेही अवकाळी. अन्न टाकायचं नाही हे तुलाही आम्हीच शिकवलं आहे. थोडंथोडं खातो.

उकाडा सुरू झाला. दुपारची लाईट जाते, म्हणून स्वयंपाक सकाळीच उरकतो. नदीला पाणी कमी आहे.

कळावे, लोभ असू द्यावा आणि रागवू नये.

अण्णा

ता. क. परवा उपाशीपोटी साखर तपासली. दोनशे तीस. जरा वर आहे.


भिंगार,
११ एप्रिल २०२५

ति. अण्णांना स. जयभीम वि. वि.

तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट तुम्ही ता. क. मध्ये घातली. लहानपणी मी प्रगतिपुस्तक असंच दाखवायचे.

अण्णा, लापशी, गुलगुले, खीर आणि लाडू हे थोडंथोडं मिळून पुष्कळ होतं. मशीनमध्ये तेल लागत नाही, पण मशीनमुळे दारात गूळ येतो आहे. एक तर वाटणं थांबवा, नाही तर गोजरमावशींना सरळ सांगा की मला शुगर आहे. त्या काही परक्या नाहीत. तुम्हाला सांगवत नसेल तर मी सांगते.

चौदा तारखेला सगळीकडे गोडच असणार. आम्ही दोघं त्या दिवशी यायचं म्हणत होतो, पण ह्यांना सुट्टी नाही. तुम्ही एक वाटी खीर खा आणि उठा.

मला तुम्ही इकडे यायला हवे आहात, हे खोटं नाही. पण तुम्हाला जबरदस्तीने आणायचं नाहीये. म्हणून एवढं लिहिते. राग आला तरी पत्र थांबवू नका.

दीपा


कोपरगाव,
२३ एप्रिल २०२५

चि. आयु. दीपा हिस अ. उ. आ.

प्रश्न सुटला. कोणाला काही सांगावंही लागलं नाही.

ताट रिकामं परत जात नाही, म्हणून सगळं अडलं होतं. मग ताटच नको. बाजारातून कागदी द्रोणांचं पुडकं आणलं. वडे, पाव, जे काही असेल ते द्रोणात घालून दारोदार नेऊन देतो. द्रोण परत करायचा नसतो, तेव्हा त्यात काही घालून पाठवायचा प्रश्नच येत नाही. त्यांची ताटं माझ्याकडे होती तीही त्याच दिवशी पोचती केली. जयंतीला खीर अर्धीच वाटी खाल्ली.

परिणाम ताबडतोब दिसला. आठ दिवसांत घरात गोडाचा कण आलेला नाही. कालची साखर एकशे साठ. पावात मी आता दह्याऐवजी ताकाचा निथळलेला चोथा घालतो, त्याने तो कमी चिवट होतो. चिकन एकेरी थरात, तू म्हणालीस तसं.

दारात हल्ली कोणी उभं राहत नाही. उन्हामुळे असेल. विहारातही गोजरबाई पुढे बसतात आणि लवकर उठतात. काल दिवसभर मी कोणाशी बोललो नाही, रात्री आवाज घोगरा वाटला म्हणून गुळण्या केल्या.

महेंद्ररावांना जयभीम. माया आहे तशीच राहू दे.

अण्णा


कोपरगाव,
४ मे २०२५

चि. आयु. दीपा हिस अ. उ. आ.

हे पत्र वाचून झालं की महेंद्ररावांनाही दे. मला पुन्हा लिहवणार नाही.

परवा संध्याकाळी गोजरबाई आल्या. मी सकाळी दिलेला द्रोण त्यांच्या हातात होता, तसाच भरलेला. तो त्यांनी ओट्यावर ठेवला आणि विचारलं की त्यांच्या स्टीलच्या ताटाचा मला आता विटाळ होतो का. मला आधी काही कळलंच नाही. मग त्या म्हणाल्या की त्यांची आई मळ्यात खुरपायला जायची तेव्हा मालकीण तिला पानावर वाढायची, वरून, हात लांब ठेवून. त्यांच्या वडिलांनी धम्म घेतला त्या वर्षी घरात पहिलं पितळेचं ताट आलं आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरात कोणी पानावर, कागदावर खाल्लेलं नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्या घरचं ताट घेऊन जातात. हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं.

दीपा, हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती. माझ्या आईला ओंजळीत पाणी ओतलेलं मी स्वतः पाहिलं आहे. तिच्या पदराला धरून उभा होतो. आणि मी पुडकं विकत आणून घरोघर द्रोण वाटत फिरलो, स्वतःची हुशारी समजून. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

काल तुझ्या आईचं ताट काढलं, चिंचेने घासलं, वडे भरले आणि त्यांच्या घरी जाऊन आत बसलो. त्यांची लेक माहेरी आलेली, पुरणपोळ्या चालल्या होत्या. त्यांनी त्या ताटातले वडे काढून घेतले आणि मला पोळी वाढली. मी तीन खाल्ल्या, दुधात. नको म्हटलं असतं तर कशाला नको ते सांगावं लागलं असतं, आणि नुसतं नको म्हटलं असतं तर द्रोणाचं पुन्हा उभं राहिलं असतं.

साखरेचं काय व्हायचं ते होईल. तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. उरलेले द्रोण चुलीत घातले.

लोभ कमी करू नको, एवढंच मागतो.

अण्णा


भिंगार,
१७ मे २०२५

ति. अण्णांना स. जयभीम वि. वि.

तुमचं पत्र वाचून हे उठून बाहेर गेले आणि बराच वेळ स्कूटर पुसत बसले.

रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला. आठ पूर्णांक सात. खूप उतरली आहे, अण्णा, तेवढं तुमच्या वड्यांनी केलं. पण साडेसात नाही. मी डॉक्टरांशी बोलले. ते म्हणतात वय बघता थांबायला नको, सकाळचं एक इंजेक्शन सुरू करा. छोटाच डोस आहे, पण रोज आणि वेळेवर, आणि कोणीतरी बघणारं हवं. एकट्या माणसाची साखर अचानक उतरली तर पाणी द्यायलाही कोणी नसतं.

ठरल्याप्रमाणे पंचवीस तारखेला, रविवारी, मी कानिफनाथचा टेम्पो सांगितला आहे. मागच्या खोलीला रंग दिला. खिडकीतून मैदान दिसतं, सकाळी जवान पळताना दिसतात. मशीन बरोबर आणा, इथं स्वयंपाकघरात ह्यांनी मोठं सॉकेट बसवलं आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. पण तुमची विहाराची किल्ली कोणाकडे जाईल ह्या विचाराने मला काल जेवण गेलं नाही. तरीही या. मला तुमची काळजी वाटते, आणि काळजी करत इथं बसणं मला आता जमत नाही.

तुमची,
दीपा


कोपरगाव,
२१ मे २०२५

चि. आयु. दीपा हिस अ. उ. आ.

पत्र मिळालं. ठरलं होतं ते ठरलं होतं.

यंत्र पुसून त्याच्या खोक्यात भरलं. कपडे एका पिशवीत मावले. विहाराची किल्ली उद्या देईन. पाव अजून वरून जरा करपतो, तिथं आल्यावर बघू. रंग कशाला दिला, आहे ती खोली चांगली होती.

लोभ आहेच.

अण्णा


कोपरगाव,
२२ मे

चि. दीपा हिला गोजरमावशीचा जयभीम. हे पत्र रुपाली लिहिते आहे. सासूबाई सांगतात तसंच लिहिते, मला दुरुस्ती करू देत नाहीत.

दीपे, सकाळी तुझा बाप किल्ली घिऊन आला. म्हनला मी भिंगारला चाललो. कशाला म्हनून इचारलं तर सांगंना. मग दारातून पाह्यलं तर खोकं बांधलेलं, पिशवी भरलेली. मी उंबऱ्यात बसले. म्हनले सांगितल्याबिगर मी उठायची न्हाई. दुपारपर्यंत बसले. तवा सांगितलं, साखर हाय, तीन वर्सं झाली, आता सुई लागनार.

तीन वर्सं. आनि मी त्याला लापशी घातली, गुलगुले घातले. त्या दिशी तीन पोळ्या वाढल्या, मुकाट्यानं खाल्ल्या. माझ्या हातानं मी मानसाला इख वाढत हुते आनि ह्यो बाबा मान खाली घालून खात हुता. लई बोलले मी त्याला. सगळी वस्ती गोळा झाली हुती. ऐकू येत न्हाई म्हनतो, पर सगळं ऐकलं.

आता तुला सांगते. सुई रुपाली टोचनार. तिचं दवाखान्यात रोजचं त्येच काम हाय, मानसं बदलतात येवढंच. डूटीला जायच्या आदी सात वाजता जाईल. तिची पाळी बदलली तर दवाखान्यातली दुसरी पोरगी यील, तसं तिनं बोलून ठिवलंय. साखर उतरली तर काय करायचं त्ये मला शिकवलंय, उशाला गुळाचा खडा आनि माझ्या घरची बेल. भिंतीतून वायर काढली, तुझ्या नवऱ्याला म्हनावं यिऊन बघ. ताटं पयल्यासारखीच चालतील, पर आमच्याकडून आता भाजी जाईल, मेथी, शेपू, अंड्याचं कालवन. गोड कुनी घातलं तर माझ्याशी गाठ हाय, आसं सगळ्यांना सांगून झालंय.

खोकं मी सोडलं. येंत्र परत जाग्यावर ठिवलंय. किल्ली घेतली न्हाई.

टेम्पो पाठवू नको. तुला बापाला भेटायचं आसंल तर ये, चार दिस ऱ्हा, नवऱ्याला घिऊन ये. न्यायला येऊ नको.

तुझ्या पत्रात लिवलंय म्हनं की आन्ना एकटे ऱ्हातात. आगं, द्रोन आल्यापासनं मी त्याच्याशी तोंड फिरवून बसले हुते. रागानं माझी भाकरी गोड लागत न्हवती. एकट्या मानसावर आसं कोन रुसतं?

माया आसू दे, आनि तुजा बाप तुजाच हाय, त्याची भीती ठिवू नको.

तुझी,
गोजरमावशी